मालिका बंद केली म्हणून वाहिनीवर बहिष्कार: घालायचा तर असा

नुसता टीव्ही बंद ठेवून भागत नाही. टीआरपी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचं मीटर बसवलेल्या निवडक घरांतूनच मोजतात. बाकीच्या घरांचा रुसवा कुठेच नोंदला जात नाही.

म्हणून जाहिरातदार गाठा. आठवडाभर मालिकेच्या वेळेतल्या जाहिराती टिपा: कंपनी, उत्पादन, तारीख. मग प्रत्येक कंपनीला स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा; एकाच मजकुराची शंभर पत्रं एकगठ्ठा बाजूला पडतात. २०११मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीने 'ऑल माय चिल्ड्रेन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा चाहत्यांच्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने तिथल्या जाहिराती काढून घेतल्या. तरीही दोन्ही मालिका एबीसीवरून गेल्याच. एक जाहिरातदार पुरत नाही.

वाहिनी सशुल्क असेल तर डीटीएचवरून काढून टाका. मात्र पॅकमधली एकटी वाहिनी वगळता येत नाही. अख्खा पॅक सोडून बाकीच्या वाहिन्या एकेक करून घ्याव्या लागतात. आधी बेरीज करा, बिल वाढूही शकतं.

हे सगळं शेवटच्या भागाचं चित्रीकरण होण्याआधीच करा. सेट मोडला, कलाकार दुसरीकडे गेले, की मालिका परत उभी करणं फार अवघड. आणि कलाकारांवर राग काढू नका. निर्णय त्यांचा नसतो.