गेमिंग पीसी तापतोय, पंखे घोंघावताहेत? या चुका टाळा

पंख्यांचा आवाज वाढला की लोक थेट नवे पंखे मागवतात. आधी तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा तास गेम खेळा. आकडा पाहून लगेच घाबरू नका: रायझन ७ ७७००एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण भार आला की ९५ अंशांपर्यंत जाऊ शकतील असेच बनवलेले आहेत. शिवाय कुठलाही पंखा आतले भाग खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं ग्राफिक्स कार्ड नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, खोली ४० वर असताना, तेवढ्याच पंख्यांवर ८५ च्या आसपास जाणारच.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबणं. मागून निघालेली गरम हवा तिथेच फिरून पुन्हा पुढून आत जाते, मग पंखे कितीही पळोत. त्याला मोकळ्यावर काढा, मागे वीतभर जागा सोडा. पंख्यांची दिशाही तपासा. मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या ज्या बाजूला असतात, साधारण त्याच बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचे बाहेर टाकणारे हवेत.

बाजूचं झाकण काढून बघा. तापमान धाडकन उतरलं तर पुढून हवा पुरत नाहीये: जाळी धुळीने भरलीय, नाहीतर पुढची काच फार बंदिस्त आहे. पण झाकण कायमचं उघडं ठेवू नका, धूळही वाढते आणि आवाजही.

धूळ काढताना पीसी बंद करून प्लग काढा, ब्लोअर वापरा आणि पाती बोटाने धरून ठेवा. पंखा हवेने भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

आवाज सतत वर-खाली होत असेल तर दोष बहुधा फॅन कर्व्हचा, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा या सेटिंगचा. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) साधारण ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा, आणि वेग वाढायला काही सेकंदांचा उशीर लावा. एकसुरी आवाज कानाला लवकर सवयीचा होतो, चढ-उतार मात्र छळतो.

माझ्या मते सर्वात चांगला उपाय म्हणजे उष्णता मुळातच कमी तयार करणं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरवर कार्डाला सेकंदाला ३०० फ्रेम्स (चित्रं) काढायला लावू नका, १४० वर मर्यादा घाला. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यावी याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणून पाहा. बहुतेक गेममध्ये फरक जेमतेम जाणवतो.

प्रोसेसरवर नवीन कूलर बसवल्याबरोबर तापमान थेट शंभरीकडे गेलं, तर तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय का ते बघा. आणि कार्डातून बारीक किणकिण येत असेल तर ती पंख्याची नाही, कार्डावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची). पंखा बदलून ती जाणार नाही, फ्रेम्स कमी केल्यावर बहुधा कमी होईल.