एकट्या क्लाउनफिशला जोडीदार आणताय? आधी हे वाचा

तुमची क्लाउनफिश टँकमध्ये वर्षभर एकटीच असेल तर ती आता मादी झालीय असंच धरून चाला. ह्या माशांमध्ये सगळे आधी नर असतात, त्यातला जो वरचढ असतो तो वाढून मादी होतो, आणि एकदा मादी झाली की परत नर होत नाही.

म्हणून नवीन मासा लहानच आणायचा, अगदी लहान. मी इथेच चुकले होते. नेरुळला घरी दोन वर्षं एकटी असलेली माझी ऑसेलॅरिस (क्लाउनफिशचीच एक जात), तिला मी जवळजवळ तिच्याच साईझचा मासा आणला, वाटलं बरोबरीचा असला की मार खाणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला, शेपटी पूर्ण फाटलेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं. तेवढा मोठा मासाही मादी झालेला असू शकतो, आणि दोन माद्या असल्या की कोणीच माघार घेत नाही. तुमची ७-८ सेंमीची असेल तर नवीन ३ सेंमीच्या आसपासचा बघा, आणि जात तीच, ऑसेलॅरिसला ऑसेलॅरिसच. 'मरून' (maroon) नावाची क्लाउन असेल तर मात्र खूप जपून, ती जात फारच मारकुटी.

दुकानात पिल्लांच्या टँकमधलं सगळ्यात छोटं पण नीट खाणारं निवडा, समोर खायला घालायला सांगा, लाजू नका. कुर्ल्याहून हार्बरने आणत असाल तर पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, मे महिन्यात तर नक्कीच.

घरी आणलं की लगेच मोठ्या टँकमध्ये सोडू नका प्लीज. निदान ४ आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाईपचा तुकडा एवढं बस आहे. क्लाउनना ब्रूकलिनेला नावाचा रोग होतो, अंगावर पांढरट चिकट थर येतो, श्वास जोरात चालतो आणि मासा दोन-तीन दिवसांत जातो, तो रोग मोठ्या टँकमध्ये शिरला तर तुमची जुनी पण जाईल.

मग दोन्हीकडची सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) एकसारखी करून, १.०२५ च्या आसपास, पिल्लू भोकं असलेल्या पारदर्शक बॉक्समध्ये घालून मोठ्या टँकमध्ये लावा. मादी पहिले काही दिवस बॉक्सवर धडका मारेल, मारू दे. ती शांत झाली, तिथून नुसती फिरायला लागली की मग सोडायचं, आणि सोडायच्या आधी दोन-चार दगड हलवा म्हणजे तिची जुनी हद्द मोडते.

सोडल्यावर ती पाठलाग करेल, एखादा चावा पण घेईल, आणि पिल्लू तिच्यासमोर थरथरेल किंवा आडवं होईल. हे बघून बरेच जण घाबरून पिल्लू बाहेर काढतात, पण ते थरथरणं म्हणजे 'तूच मोठी' असं कबूल करणं आहे, हेच तर हवंय आपल्याला! काढायचं कधी, तर पंख फाटायला लागले, पिल्लू वरच्या कोपऱ्यात दबून बसलं, खाणं सोडलं तर. तेव्हा उलटं करून बघा, मादीला ४-५ दिवस बॉक्समध्ये आणि पिल्लू मोकळं, बऱ्याचदा काम होतं.

माझ्याकडे दुसऱ्या वेळी बॉक्समध्ये ९ दिवस गेले. दहाव्या रात्री लाईट बंद करून सोडलं, रात्रभर दोनदा उठून टॉर्चने बघितलं, आणि सकाळी पिल्लू पंपाच्या मागे, ती रोज झोपते त्याच कोपऱ्यात, तिच्या पोटाला चिकटून.