ड्रॉइंगचं कोडं रताळ्यानं सुटलं

पहिल्या सेमिस्टरला धास्ती गणिताची होती, पण खरं आडवं आलं ते इंजिनिअरिंग ड्रॉइंग. दहावीपर्यंत खानापुरात मराठी शाळा. ‘हॉरिझॉन्टल प्लेन’ (एचपी, आडवी पातळी), ‘व्हर्टिकल प्लेन’ (व्हीपी, उभी पातळी) हे शब्द पाठ झाले, डोळ्यांपुढं मात्र काहीच येईना. टॉप व्ह्यू, म्हणजे वरून दिसणारं चित्र, एक्सवाय रेषेच्या (दोन्ही प्लेन मिळतात ती रेषा) खाली का? वरून बघितलेलं वर नको का? व्हीटीयूच्या (आमचं विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल विद्यापीठ) नियमानं इंटर्नलला, म्हणजे कॉलेजातल्या मूल्यमापनाला, 50 पैकी 20 तरी लागतात, आणि माझी पहिली टेस्ट पार झोपली होती.

शनिवारी घरी गेलो. एकादशी होती, आजी रताळी चिरत बसलेली. एक मागून घेतलं आणि सुरीनं षटकोनी पिरॅमिड तासला. (तिसऱ्या प्रयत्नात. आधीचे दोन आजीनं कढईत टाकले.) वहीचा पुठ्ठा काटकोनात दुमडला: उभी बाजू व्हीपी, आडवी एचपी, घडी म्हणजे एक्सवाय. पिरॅमिड आडव्या बाजूवर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली, समोरून बघून मागच्या पुठ्ठ्यावर त्रिकोण काढला. मग आडवी बाजू खाली पाडून पुठ्ठा सपाट केला. षटकोन आपोआप रेषेच्या खाली! हेच ते फर्स्ट अँगल प्रोजेक्शन: फ्रंट व्ह्यू (समोरून दिसणारं चित्र) वर, टॉप व्ह्यू खाली.

आता तळ एचपीवर असला की आधी टॉप व्ह्यू काढतो, कारण षटकोन खऱ्या मापात तिथंच दिसतो. अक्ष एचपीशी कललेला असला तर आधी सरळ उभा धरून काढायचं, मग तोच फ्रंट व्ह्यू तिरका मांडायचा. दुसऱ्या टेस्टला चक्क वेळ उरला.

मापांचे बाण मात्र अजून विसरतो. त्यावर रताळ्याचा इलाज नाही.