पात्राच्या हातात काय द्यायचं?

कथा लिहायला सुरुवात केली की एक चूक हमखास होते. पात्र दारात आलं रे आलं की त्याचं वर्णन सुरू. मीही तेच करायचे. ‘गोऱ्यापान, नाकेल्या, अबोली रंगाची साडी नेसलेल्या वहिनी दारात उभ्या होत्या.’ ही कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली, तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘वहिनी दिसल्या, पण कळल्या नाहीत.’ फार लागलं ते. पण खरं होतं.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एका फडक्यावर मांडलेल्या भांड्यांत मला एक तांब्या दिसला. टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव घातलेला, लग्नातल्या आहेराचा. ‘चि. सौ. कां.’ एवढं वाचता येत होतं. पुढचं नाव कुणीतरी कानशीने घासून काढलेलं. खाली ‘हिस मावशीकडून, ११-५-७४’ मात्र शाबूत. कुणी घासलं असेल ते? तिनेच? की तिच्यानंतर त्या घरात आलेल्या दुसरीने? आणि मावशीला का सोडलं?

घरी येऊन वहिनींची साडी, नाक, रंग सगळं खोडलं. त्यांच्या फळीवर एक तांब्या ठेवला, नावाची बाजू भिंतीकडे केलेला. नवी सून झाडलोट करताना तो नीट फिरवून ठेवते. संध्याकाळी तो परत भिंतीकडे वळलेला असतो. वहिनी काहीच बोलत नाहीत. कथा तिथे उभी राहिली.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना माझा आग्रह असतो, की वस्तू कोणती यापेक्षा ती कशी वापरली गेलीय ते बघा. झब्बा आणि शबनम पिशवी दिली की कवी झाला, फाटका सदरा दिला की गरीब, हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. पण गुडघ्यावर रफू केलेल्या पॅन्टला कडक इस्त्री असेल, तर तो माणूस वेगळाच. रफू कुणी केलं, हे तुम्हाला माहीत हवं. कथेत नाही सांगितलं तरी चालेल.

आणखी एक, बघणारा कोण आहे हे विसरू नका. शिंप्याला शिवण दिसेल, सावकाराला कानातलं.

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा तरी सावकाश बघा. दिनकर केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहायचे. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या संग्रहाला दिलं. दिवे, दौती, कुलपं, सगळ्या रोजच्या वापरातल्या वस्तू. अडकित्ते तर किती तऱ्हांचे! मी त्यांच्यासमोर उभी राहून एवढाच विचार करते, की हा कुणाच्या हातात होता, आणि चालता चालता कधी थांबला? भांडण चालू असताना आजोबांचा अडकित्ता थांबला, की घर गप्प होतं. आजोबांच्या मिशांवर चार ओळी लिहून ते साधत नाही.

तो तांब्या मी विकत घेतला होता. रोज त्यातूनच पाणी पिते. मावशीची कथा अजून लिहायची राहिलीय.