अर्धा डांबरी, अर्धा शिवरस्ता: बाइकचा टायर कसा निवडावा

चोपड्याहून अमळनेरला नोकरी, सुटीला शेत, आणि हिवाळ्यात कधीतरी सातपुड्यात चक्कर. माझ्या हिरो एक्सपल्स बाइकचं आयुष्य एवढंच आहे. तिला आतापर्यंत टायरचे तीन जोड लागले: पहिला कंपनीचा, दुसरा हौसेचा, तिसरा अकलेचा.

हौसेचा जोड म्हणजे मोठमोठ्या ठोकळ्यांचा. ट्रॅक्टरचं पोर वाटावं असा. पंक्चरवाल्याने बसवताना सांगितलं होतं, "भो, हा टायर दाखवायचा आहे, चालवायचा नाही." मी हसलो. पहिल्याच पावसात डांबरीवर ब्रेक दाबला, मागचं चाक आडवं झालं आणि गाडी एका केळीच्या ट्रकमागे जेमतेम हातभर अंतरावर थांबली. ते ठोकळे मधोमध इतके झिजले की सहा हजार किलोमीटरच्या आतच टायर गोटा झाला. म्हणून पुढचं सगळं सांगतोय.

आधी पंधरा दिवस मोजा

दुकानात जाण्याआधी ट्रिप मीटर शून्यावर आणा. कच्च्या रस्त्यावर उतरताना आणि परत डांबरीवर चढताना आकडा टिपून ठेवा. माझा अंदाज होता की गाडी निम्मी-निम्मी चालते. प्रत्यक्षात शंभरातले पंच्याऐंशी किलोमीटर डांबरी निघाले. कच्चा रस्ता लक्षात राहतो, कारण तिथे हाडं खिळखिळी होतात. टायर मात्र डांबरीवर झिजतो.

हे आकडे हातात आले की टायरवाल्यांची भाषा कळते. पहिला आकडा डांबरीचा, दुसरा कच्च्याचा: ९०/१० म्हणजे जवळपास रस्त्याचाच टायर. ७०/३० म्हणजे मधे रबर सलग, कडेला थोडे ठोकळे. ५०/५० मध्ये ठोकळे सुटे आणि मधल्या फटी रुंद. त्यापुढे सगळा कच्च्याचा माल. पण हे आकडे कुठल्या सरकारी मोजमापाचे नाहीत, कंपनी स्वतःच ठरवते. एकाचा ७०/३० दुसऱ्याच्या ५०/५० सारखा दिसू शकतो. त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवा. टायर उभा धरून मधल्या पट्ट्याकडे बघा. जमिनीला टेकणाऱ्या भागात रबर जास्त आणि फटी कमी असतील तर तो डांबरीवर धरेल, ओल्यातही लवकर थांबवेल. मग अंगठ्याने एक ठोकळा बाजूला ढकलून बघा. सहज लवत असेल तर वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटणार.

मग माती बघा

कच्चा रस्ता म्हणजे नेमकं काय, हे न विचारता टायर घेणं म्हणजे माती न बघता बी घेणं.

मुरूम आणि खडीवर ७०/३० चा टायर व्यवस्थित चालतो. उन्हाळ्यातल्या फुफाट्यातही चालतो, फक्त पुढचं चाक जरा पोहतं. तोरणमाळच्या घाटात वळणावर पसरलेली बारीक खडी जास्त फसवते, कारण तिथे तुम्ही डांबरीच्या भरवशावर आलेले असता. धडगावकडे किंवा सातपुड्यातल्या कुठल्याही नाल्यात गोट्यांवरून जायचं असेल, तर नक्षीपेक्षा टायरची कड महत्त्वाची. कड पातळ असेल तर दगड ती चिरतो.

आता आपली काळी माती. कोरडी असताना ती सिमेंटसारखी घट्ट. चाकोरी पडलेली असली तर चाक तिच्यात शिरतं आणि पाहिजे तिथे बाहेर निघत नाही. ओली झाली की तिची चिकणमाती फुगते आणि टायरला लपेटून बसते. गेल्या पोळ्याच्या आधी शेतातून निघालो, बांधापासून पन्नास पावलंही गेलो नसेन. आधी ठोकळ्यांमधल्या फटी भरल्या, मग टायर गुळगुळीत काळा गोळा झाला, मग मडगार्डखाली माती दाबून बसली आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. पळसाच्या काठीने माती उकरून काढायला पाऊण तास गेला. गंमत म्हणजे तेव्हा गाडीला तेच ठोकळ्यांचे टायर होते. खोल फटी चाक वेगात फिरलं तरच माती झटकतात. पहिल्या गियरमध्ये रांगणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

थोडक्यात, पावसाळ्यातल्या काळ्या मातीसाठी टायर घेऊ नका. तिथे इलाज दोनच: पुढचं मडगार्ड उंच असणं, किंवा गाडी रस्त्यावर लावून पायी जाणं. मी दुसरा करतो.

आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टर शेतातून निघून महामार्गावर चढतो तेव्हा चाकांची माती डांबरीवर सोडत जातो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर पावसाळ्यात असे पट्टे जागोजागी असतात. वरून भुरभुर पाऊस आला की तो साबण. तिथे कुठलीच नक्षी कामाला येत नाही, लांबूनच वेग कमी करावा लागतो.

पुढचा वेगळा, मागचा वेगळा

दोन्ही टायर एकाच नक्षीचे हवेत असं नाही. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर. दुसरीकडे, इंजिनाचा जोर मागच्या टायरवर येतो म्हणून तो दुप्पट वेगाने झिजतो. माझा सध्याचा जोड असा: पुढे जरा खोल फटींचा, मागे सलग पट्ट्याचा ७०/३०. शेतातही भागतं, अमळनेरपर्यंतही गुणगुणत नाही. फक्त एक रेडियल (आतले धागे आडवे) आणि एक साधा (धागे तिरके) अशी जोडी गाडीच्या कंपनीने दिलेली नसेल तर करू नका.

कडेवरची अक्षरं वाचा

एक्सपल्सच्या मागच्या टायरवर १२०/८०-१८ असं लिहिलेलं असतं. १२० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिलिमीटर. १८ म्हणजे रिम किती इंची. पुढे ९०/९०-२१. रुंद टायर भारी दिसतो म्हणून १३० किंवा १४० चढवणारे पुष्कळ आहेत. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचा आकार चिमटल्यासारखा होतो, गाडी वळायला जड होते, आणि कधी चेन किंवा मडगार्डला घासतो. आहे तेच माप घ्या.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं. ५४ म्हणजे तो टायर २१२ किलो पेलतो, ६२ म्हणजे २६५ किलो. मागे घरचं माणूस आणि खताची गोणी दोन्ही घेणाऱ्यांनी हा आकडा बघायचाच. अक्षर वेगाचं असतं: पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०. आपल्याला पी सुद्धा भरपूर.

सगळ्यात महत्त्वाचं, लंबगोलात छापलेले चार आकडे. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मला एका दुकानदाराने चार वर्षं पडून असलेला टायर "कालच आलाय" म्हणून दिला होता. हे आकडे मी घरी येऊन वाचले. आता दुकानातच मोबाइलचा टॉर्च लावून वाचतो आणि दोन वर्षांच्या वरचा परत ठेवायला सांगतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या गोदामात पडून असलेल्या रबराचं काय होत असेल, विचार करा.

तुमची गाडी साधी असली, म्हणजे स्प्लेंडरसारखी ८०/१००-१८ ची, तरी हे सगळं लागू आहे. त्या मापात थोड्या खोल नक्षीचा टायर मिळतो, आणि शिवरस्त्यावर तेवढा फरक पुरतो.

बाभळीचा काटा

टायरवर ट्यूबलेस लिहिलं म्हणजे गाडी ट्यूबलेस झाली असं नव्हे, रिमही तशी लागते. तारांच्या बहुतेक रिमना तारेच्या भोकांतून हवा जाते, म्हणून आत ट्यूब हवीच. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तरी हवा हळूहळू उतरते आणि रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत भोकात रबरी दोरी घालून काम होतं. ट्यूब मात्र एकदम बसते. उलट दगडावर रिम वाकली तर ट्यूबलेस हवा सोडतो, ट्यूबवाली गाडी तशीच घरी पोहोचते. वेड्या बाभळीच्या मुलखात मला ट्यूबलेस बरा वाटतो, पण माझी गाडी ट्यूबची. म्हणून सीटखाली दोन टामी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), एक पुढच्या मापाची ट्यूब आणि पायपंप कायम असतो. अडचणीला २१ ची ट्यूब १८ च्या टायरातही घरापर्यंत नेते.

पंक्चर काढताना टायरच्या आतून चिंधी फिरवा. काट्याचं टोक आत मोडून बसलेलं असतं, बोटाला सापडत नाही, चिंधीला अडकतं. हे न करता मी एकदा दोन किलोमीटरवर दुसऱ्यांदा पंक्चर झालो आहे.

बसवताना आणि नंतर

कडेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, बघा. ट्यूबला टाल्कम पावडर लावायला सांगा, आणि शेवटचा भाग चढवताना टामीने ट्यूब चिमटत नाही ना याकडे लक्ष ठेवा. नवा टायर गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर वळणावर गाडी झोपवू नका.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. गाडीवरच्या स्टिकरचा आकडा डांबरीसाठी धरा. खडी-फुफाट्यात चार-पाच पीएसआय कमी केली की तोच टायर वेगळा वाटतो, कारण तो पसरून जमीन धरतो. पण ट्यूबच्या गाडीत १८ च्या खाली जाऊ नका: टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. महामार्गावर चढण्याआधी हवा परत भरा. मे महिन्यात दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, रात्री तो खाली येतो.

पुढचा टायर सहसा मागच्या दोन टायरांना पुरतो, तेव्हा मागचा बदलाल त्या दिवशी पुढच्याचीही तारीख वाचा.