मोर्कमला घर घेण्याआधी नोव्हेंबरात येऊन बघा

परवा पुन्हा तोच फोन आला. “ताई, मोर्कमला अगदी समुद्रासमोरचा फ्लॅट मिळतोय. लँकेस्टरपेक्षा भाडं दीडशे पाउंडांनी कमी. आजच टोकन द्यायचंय, देऊ का?” मुलगी नर्स, भारतातून इंग्लंडला येऊन तीन आठवडे झालेले, महिना ऑगस्टचा. मी २०१९ च्या ऑगस्टात आले तेव्हा विचारायला अशी कोणी ताई नव्हती, आणि असती तरी मी विचारलं नसतं. मी रत्नागिरीकडची. समुद्र आणि ओल या दोन गोष्टी मला कोण शिकवणार, असा माझा तोरा होता. इथल्या समुद्रानं आणि ओलीनं मिळून तो उतरवला. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मोर्कम म्हणजे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं, लँकेस्टर शहराशेजारचं गाव. आधी नाव. इंग्रजी स्पेलिंग वाचून मला ते मोरे-कांबळ्यांचं गाव वाटलं होतं. उच्चार ‘मोर्कम’. बसमध्ये ‘मोरेकांबे’ म्हटलंत तर ड्रायव्हर हसेल, पण तिकीट देईल.

एके काळी गिरण्यांना सुट्टी लागली की ब्रॅडफर्डचे कामगार आगगाड्या भरभरून इथे यायचे, आणि म्हातारपणी कित्येक जण इथेच घर करायचे. जुनी माणसं अजून याला ‘ब्रॅडफर्ड-बाय-द-सी’ म्हणतात. मग लोक विमानानं स्पेनला जायला लागले आणि इथलं एकेक मिटत गेलं. समुद्रात गेलेला एक पिअर, म्हणजे फिरायचा धक्का, १९७७ च्या वादळात मोडला, दुसरा १९९२ मध्ये पाडला. विंटर गार्डन्सचं देखणं थिएटरही १९७७ लाच बंद पडलं. ते आता स्वयंसेवक नेटानं सावरतायत. १९९४ मध्ये मिस्टर ब्लॉबी या टीव्हीवरच्या गुलाबी बुजगावण्याच्या जोरावर एक पार्क काढला, तो तेरा आठवड्यांत गुंडाळला. माझे म्हातारे पेशंट त्याबद्दल अजून असे चिडून बोलतात की वाटावं मागच्या आठवड्यातली गोष्ट आहे. आता सगळ्यांच्या तोंडी ईडन प्रोजेक्ट, म्हणजे इथे व्हायचं असलेलं मोठं पर्यटनकेंद्र. सरकारनं २०२३ च्या जानेवारीत पाच कोटी पाउंड जाहीर केले. उघडायची तारीख मात्र पुढे पुढे सरकत राहिली. ते झालं तर सगळ्यांचं भलंच आहे. पण “ईडन आलं की भाडी चढणार, आत्ताच घ्या” असं म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकून घ्या, सही करू नका.

कारण ऑगस्टात हे गाव खोटं बोलतं. रात्री नऊला उजेड, आइस्क्रीमच्या रांगा, इथलाच जुना विनोदी नट एरिक मोर्कम याच्या पुतळ्याशेजारी एक पाय वर करून फोटो काढणारी मंडळी, खाडीपलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर. घरी व्हिडिओ कॉल लावलात तर आई म्हणेल, स्वर्गात गेलीस गं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की पडदा पडतो. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांची शटरं खाली, गेमिंगच्या दुकानांत दिवे लुकलुकतात पण आत एखादीच म्हातारी. जुन्या बोर्डिंग हाउसांच्या खिडक्यांत ‘व्हेकन्सीज’ची, म्हणजे खोल्या रिकाम्या असल्याची, पाटी लागते ती ईस्टरपर्यंत हलत नाही. संध्याकाळी बस कमी होतात. लेट ड्यूटी असेल तर परतीची शेवटची बस नोकरी घेण्याआधी बघा, नंतर नाही.

आता घर. इथे मी जास्त बोलणार आहे.

माझा फ्लॅट मोर्कमच्याच वेस्ट एंड भागात, जुन्या बोर्डिंग हाउसचे तुकडे करून काढलेला. मोठी खिडकी, समोर पाणी, भिंतींना ताज्या रंगाचा वास. तो वास मला स्वच्छतेचा वाटला. भाडं महिना ६५० पाउंड, डिपॉझिट ७५०, वर्षाचा करार. “रोख दिलंत तर आजच किल्ली,” मालक म्हणाला. मी दिले. पावती म्हणून त्यानं बॉलपेननं एका पाकिटाच्या पाठीवर आकडा लिहून सही केली. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कपाटातून माझी एकुलती एक पैठणी काढायला गेले. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळी, शेवाळल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची. पैठणीच्या घडीवर करड्या पावडरीची रेघ. ऑगस्टातला तो ताजा रंग मागच्या हिवाळ्याच्या बुरशीवर फासलेला होता. चार महिने पावसाळा काढत वाढलेली मी, मला वाटायचं ओल आपल्याला नवी नाही. पण कोकणातल्या घराला कौलांतून, झडपांतून वारा असतो. इथे आपण थंडीच्या भीतीनं खिडक्या बंद ठेवतो, आत कुकरच्या शिट्ट्या काढतो, कपडे हीटरवर वाळत घालतो, आणि ती सगळी वाफ सर्वांत गार भिंत शोधून तिथे बसते. त्यात घरात गॅस नाही. रात्रीच्या विजेवर तापून ठेवणारे स्टोरेज हीटर, जे मी ड्यूटीवर असताना ऊब देत आणि मी घरी आले की गार पडत. जानेवारीचं विजेचं बिल माझ्या आठवड्याभराच्या पगाराच्या घरात गेलं.

मार्चमध्ये बाहेर पडले तेव्हा ‘भिंती खराब केल्या’ म्हणून डिपॉझिट बुडालं. नंतर कळलं की इंग्लंडमध्ये मालकाला डिपॉझिट तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवून त्याचे कागद भाडेकरूला द्यावे लागतात. नाही ठेवलं तर कोर्ट त्याला एकपट ते तिप्पट रक्कम द्यायला लावू शकतं. कळलं तोवर मालकाचा फोन बंद होता आणि पाकिटावर पत्ता नव्हता.

म्हणून सांगते. रोख देऊ नका. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, टोकन एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. मान्य योजना तीनच आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. तिघांच्याही वेबसाइटवर आपलं डिपॉझिट शोधता येतं, ते महिन्याभरात शोधा. घराचं एनर्जी सर्टिफिकेट पोस्टकोड टाकून फुकट बघता येतं. त्यावर ‘ए’ ते ‘जी’ या श्रेणींपैकी ‘ई’ दिसलं तर हिवाळ्यात सोसावं लागणार हे धरून चाला. घर बघायला पाऊस पडताना जा. कपाटाच्या मागे हात घाला, हात गार आणि ओलसर लागला की निघा. नाकावर विश्वास ठेवा, आणि ताज्या रंगावर मुळीच ठेवू नका. १ मे २०२६ पासून ठरावीक मुदतीचे करार गेले, भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं, आणि महिन्याभरापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. मला हे तेव्हा मिळालं असतं तर नोव्हेंबरातच निघाले असते. पण कायदा बदलला तरी भिंत तीच आहे.

आणि आपल्यापैकीच कोणी “माझ्याकडे खोली आहे, आपल्या माणसाला कागद कशाला” म्हणाला, तर त्याच्याकडून दोन कागद जास्त घ्या. मल्याळी नर्सेसकडून शिका. नवी मुलगी यायच्या आत त्यांच्याकडे खोली, जुना कोट आणि ड्यूटीला सोडणारी गाडी तयार असते. आपण आधी विचारतो, मूळचे कुठले, आणि मग मंडळात दोन गट पाडतो.

नोकरीचं थोडं. व्हिसा तुमच्या नावावर असेल तर सीझनमध्ये चिप्सच्या दुकानात ‘रोख पैसे देतो’ म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. स्किल्ड वर्कर व्हिसावर जादा काम आठवड्याला २० तासांपर्यंत, तेही ठरलेल्या प्रकारांतलंच चालतं. हॉटेलात भांडी घासणं त्यात बसत नाही. नवरा किंवा बायको डिपेंडंट म्हणून आले असतील तर त्यांना ही अट नाही, पण तिथे वेगळा खड्डा आहे. आमच्या ह्यांनी पहिल्या उन्हाळ्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये आठवड्याला पंचेचाळीस तास काम केलं. आम्ही त्या हिशेबावर गाडीचा हप्ता घेतला. ऑक्टोबरच्या शेवटी भिंतीवर नवा रोटा, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, लागला. ह्यांचं नाव होतं, पुढचे सातही चौकोन रिकामे. काढून टाकलं नव्हतं, करारच ‘झीरो अवर्स’चा होता, म्हणजे कामाच्या तासांची हमीच नाही. उन्हाळ्याचा पगार बारा महिन्यांनी भागा आणि मग हप्त्याचं बोला.

गाडीवरून आठवलं: भारतातल्या लायसनवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते. परीक्षेची तारीख मिळायलाच महिनोन्‌महिने लागतात. प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसनचा अर्ज पहिल्या महिन्यात करा.

आता समुद्र. पहिल्या वर्षी दीड दिवसाचा गणपती आणला, शाडूचा, वीतभर. विसर्जनाला आम्ही चौघं नटूनथटून किनाऱ्यावर गेलो तर समुद्र जागेवर नव्हता. खरंच नव्हता. क्षितिजापर्यंत ओली करडी वाळू, आणि पाणी म्हणून लांब एक चकाकती रेघ. मी म्हटलं, चला चालत जाऊ, आमच्याकडेही ओहोटीला जातो की. पाचशे पावलं गेलो असू, मागून एक आजोबा कुत्र्याला घेऊन अक्षरशः धावत आले आणि ओरडले, “नॉट दॅट वे, लव्ह!” त्यांनी काठीनं दाखवलं: आमच्या मागे, किनारा आणि आम्ही यांच्या मधल्या घळीत पाणी भरायला लागलं होतं. इथे पाणी समोरून येतंच असं नाही, बाजूनं वळसा घालून मागून येतं. भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक, आणि वाळूत रुतवणाऱ्या जागा रोज बदलतात. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री याच खाडीत शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर बुडाले. परके, कागद नसलेले, मुकादमानं अंधारात पाठवलेले, भरतीची वेळ कोणी न सांगितलेले. त्यानंतरच मुकादमांना परवाना लावणारा कायदा आला. वाळू ओलांडायची हौस असेल तर नेमलेले वाटाडे उन्हाळ्यात लोकांना गटानं नेतात, त्यांच्याबरोबर जा. आमचा गणपती त्या दिवशी घरी बादलीत विसर्जित झाला, आणि तेव्हापासून दर वर्षी बादलीतच होतो.

माणसं? गरीब आहेत आणि त्याची त्यांना लाज वाटते, म्हणून कधी तुटक वागतात. आपल्यातले काही जण “हे गोरे आळशी, भत्त्यावर जगतात” म्हणतात. ते असं बोलतात तेव्हा मी उठून चहा करायला जाते. इथल्या कामगारांचा सीझन गेला तसं त्यांचं कामही गेलं. शेजारीण तुम्हाला ‘लव्ह’ म्हणेल, पार्सल घेऊन ठेवेल, आणि घरात कधी बोलावणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. २०२४ च्या ऑगस्टात साउथपोर्टला तीन लहान मुलींच्या खुनानंतर गावोगाव स्थलांतरितांविरोधी दंगली झाल्या तेव्हा आम्ही रात्री एकटीनं बाहेर पडत नव्हतो. त्या आठवड्यात माझ्या पलीकडच्या दारातल्या बाईंनी मला रोज ड्यूटीला सोडलं. इतक्या वर्षांत त्यांच्याशी माझं हवेपलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हॉर्न वाजवायच्या.

बाकी किरकोळ. एकटे राहात असाल तर काउन्सिल टॅक्समध्ये (घरावरच्या स्थानिक करात) २५ टक्के सूट मागा. ती ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांना मनाई असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाही, व्हिसाला धक्का लागत नाही. दात भारतातून नीट करून या, एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) दंतवैद्य मिळणं म्हणजे लॉटरी. सीगलसमोर चिप्स उघडू नका, आणि त्यानं पळवल्या तर त्याला मारू नका, तो कायद्यानं संरक्षित पक्षी आहे. छत्री आणूच नका, टोपीवाला जाड रेनकोट आणा. कढीपत्ता, मेथी, गोडा मसाल्याचं सामान प्रेस्टनला. तिथे गुजराती वस्ती जुनी आहे.

त्या मुलीनं टोकन दिलं नाही. पावसात जाऊन बघून येते म्हणाली. काल रात्री तिचा फोटो आला: कपाटामागे घातलेला हात, बोटांची टोकं काळी. खाली लिहिलं होतं, “ताई, लँकेस्टरलाच बघू का?” मी म्हटलं, बघ, पण तिथेही कपाट ओढून बघ.