शेल्फं रिकामी दिसली की होणाऱ्या चुका, या टाळा आणि सामान मिळवा

आधी एक सांगते, शेल्फ रिकामं दिसलं म्हणजे माल संपला असं नसतं, आणि हे एवढं एक ज्याच्या डोक्यात बसलं त्याच्या निम्म्या चुका तिथेच टळतात. मागे एकदा टंचाईच्या भीतीने सगळे खरेदीला पळत होते त्या दिवसांत मी पिठाच्या शेल्फसमोर पाच मिनिटं नुसती उभी होते. फळीवर फाटक्या पिशवीतून सांडलेलं पीठ, त्यात कुणाच्या तरी बोटांचे ठसे, किमतीचं लेबल तेवढं जागेवर. एक किलोची पिशवी नाही, दोन किलोची नाही. आणि माझ्या पायाशी, सगळ्यात खालच्या फळीत पार आतल्या अंगाला जाड कागदाची दहा किलोची गोणी आडवी पडलेली, लोक तिच्यावर पाय देऊन वरच्या फळीत डोकावत होते! मीही त्यातलीच, दोनदा पाय दिल्यावर मग लक्षात आलं की हे पीठच आहे. शेजारच्या काकूंना फोन केला, म्हटलं अर्धी अर्धी घेऊया का, त्या म्हणाल्या, अगं विचारतेस काय, उचल आधी.

तर पहिली चूक ही, आपण पीठ शोधत नसतो, आपली नेहमीची पिशवी शोधत असतो. नेहमीचा ब्रँड, नेहमीचा साइज, नेहमीची जागा. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, कोरोनाच्या काळात, ब्रिटनमध्ये पिठाचं असंच झालं होतं. गहू होता, गिरण्या दिवसरात्र चालू होत्या, पण तिथे दळलेल्या पिठातलं जेमतेम 4 टक्के पीठ छोट्या पिशव्यांतून दुकानांत जायचं, बाकी सगळं बेकऱ्यांना आणि फूड कंपन्यांना गोण्यांतून नाहीतर थेट टँकरने. सगळे घरी बसून ब्रेड करायला लागले आणि छोट्या पिशव्या भरायच्या मशीनच अपुऱ्या पडल्या, म्हणजे अडलं होतं ते पिशवीपाशी, पिठापाशी नाही. टॉयलेट पेपरचंही तेच, ऑफिसं आणि शाळा बंद म्हटल्यावर सगळा वापर घरात आला, पण ऑफिसात लागणारे मोठे रोल वेगळ्या मशीनवर बनतात आणि घरातल्या होल्डरमध्ये बसतही नाहीत. त्या काळात बऱ्याच देशांत हॉटेलांना माल पुरवणारे होलसेलवाले साध्या गिऱ्हाइकांनाही विकायला लागले, कारण त्यांची गोडाऊनं भरलेली आणि हॉटेलं बंद.

म्हणून शोधायची पद्धतच बदला. मोठी गोणी घ्या आणि दोन-तीन घरांत वाटून घ्या. पीठ नसेल तर अख्खं धान्य बघा, दळून मिळण्याची सोय असली तर प्रश्नच मिटला. ताज्या भाज्या नसतील तर फ्रोझन, त्या नसतील तर डब्यातल्या. दूध नसेल तर पावडर किंवा न उघडता बाहेर टिकणारे टेट्रापॅक, जे बहुतेक वेळा फ्रिजच्या कपाटात नसतातच, दुसऱ्याच रांगेत असतात आणि लोक रिकामा फ्रिज बघून परत जातात. खाली वाका, हात आत घाला, पुढची ओळ उचलली गेली तरी मागे एखादं पॅकेट राहिलेलं असतं. बिलिंग काउंटरजवळही नजर टाका, रांगेत कंटाळून किंवा माणशी ठराविकच नगांचं लिमिट आहे हे कळल्यावर लोक तिथेच वस्तू सोडून जातात. आणि मोठ्या सुपरमार्केटवर सगळी गर्दी तुटून पडलेली असते तेव्हा छोट्या दुकानांचा विचार कुणाच्या डोक्यात नसतो, त्यांचा पुरवठादारही बऱ्याचदा वेगळा असतो, त्यामुळे एकाकडे नसलेलं दुसऱ्याकडे सहज सापडतं.

दुसरी चूक वेळेची. बातमी आली की लगेच गाडी काढायची, म्हणजे जेव्हा सगळं गाव निघालंय नेमकं तेव्हाच. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी तुम्हाला दिसतं ते दिवसभर ओरबाडून झालेलं शेल्फ असतं, त्यावरून अंदाज बांधू नका. मोठ्या दुकानांत माल बहुतेक रात्री लावतात, म्हणून शटर उघडताना जे असतं ते दोन तासांनी नसतं. आणि "मागे गोडाऊनमध्ये आहे का हो?" हा प्रश्न सोडा, त्या बिचाऱ्याने दिवसभरात तो शंभर वेळा ऐकलेला असतो आणि अशा दिवसांत मागे खरंच काही नसतं, आलेला माल सरळ बाहेर लागतो. त्यापेक्षा विचारा, "दादा, तांदळाची गाडी कोणत्या दिवशी येते?" पिठाची एका दिवशी, दूध-अंड्यांची रोज किंवा दिवसाआड, असं प्रत्येकाचं ठरलेलं असतं आणि नीट विचारलं तर सांगतात. मला एकदा एका मुलाने हळूच सांगितलं होतं की उद्या नका येऊ, परवा सकाळी या, आणि परवा सकाळी खरंच होतं. घरात वयस्कर माणसं असतील तर दुकानाने त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवलीय का तेही बघा. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्सने 17 मार्चपासून सकाळी 7 ते 8 ही वेळ ज्येष्ठ आणि अपंगांसाठी राखून ठेवली होती, नंतर इतर देशांतही बऱ्याच दुकानांनी तसं केलं.

घरात काय आहे ते न मोजता निघायचं ही तिसरी. डबे उघडून बघा, अगदी फळीवरचा मागचा डबासुद्धा. चार माणसांना रोज पाव किलो तांदूळ लागत असेल तर 1 किलो चार दिवस जातो, महिन्याला साडेसात-आठ किलो झाले, घरात सहा किलो पडलेत म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त दिवस तुम्हाला तांदळाच्या रांगेत उभं राहायचं कारणच नाही. तेल, मीठ, साखर, डाळ, सगळ्यांचं असं किलोचं दिवसांत रूपांतर करून कागदावर लिहा. बहुतेक वेळा असं निघतं की खरी गरज दोन-तीनच गोष्टींची आहे, बाकीची यादी भीतीने लिहिलेली आहे.

आता थोडं गणित, कारण "मी एक जास्त घेतलं तर काय बिघडतं" हे आपण सगळेच म्हणतो, मीही म्हटलंय. समजा दुकानात 120 पॅकेटं आलीत आणि दिवसभरात 100 गिऱ्हाइकं येतात, प्रत्येकी एक घेतलं तर रात्री 20 उरतात. तेच प्रत्येकाने फक्त एकच जास्तीचं, म्हणजे दोन घेतली, तर साठाव्या माणसाला माल संपतो आणि पुढचे चाळीस जण रिकामं शेल्फ बघतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी 100 च्या जागी 200 जण येतात. साठेबाज कुणीच नव्हता यात! एरवी दुकानं विक्रीच्या हिशोबाने थोडाच माल ठेवतात, महिन्याचा साठा मागे नसतो, त्यामुळे एवढ्याशा धक्क्यानेही शेल्फ उघडं पडतं. मग दुकानदार घाबरून दुप्पट ऑर्डर देतो, त्याचा पुरवठादार आणखी वाढवून मागतो, कंपनीकडे जाईपर्यंत आकडा कुठच्या कुठे गेलेला असतो. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, चाबूक हातापाशी जरासा हलतो आणि टोकाला केवढा फटका बसतो तसं. काही आठवड्यांनी तोच माल ढिगाने येऊन पडतो. म्हणून माणशी दोन नग असं लिमिट लागलं की चिडू नका आणि घरातल्या चौघांना चार वेगळ्या रांगांत उभं करायची आयडियाही नको, लिमिट आहे म्हणून तर परवा सकाळी काहीतरी शिल्लक असतं.

फॉरवर्डवर विश्वास, ही चूक तर काय सांगावी. 2011 च्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि चीनमध्ये लोक मिठावर तुटून पडले, का तर मिठातलं आयोडीन किरणोत्सर्गापासून वाचवतं अशी अफवा. चीन स्वतः जगातल्या सगळ्यात मोठ्या मीठ उत्पादकांपैकी, मिठाला तोटा कसला! आणि हिशोब करून बघा, अशा अपघातात मोठ्या माणसाला देतात ती पोटॅशियम आयोडाइडची गोळी 130 मिलिग्रॅमची असते, त्यात साधारण 100 मिलिग्रॅम आयोडीन. मिठात किलोला 30 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका गोळीसाठी तीन किलोच्या वर मीठ खावं लागेल, त्याआधी मिठानेच माणूस जाईल. त्याच्याही आधी, 1973 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जॉनी कार्सन यांनी त्यांच्या टीव्ही शोमध्ये टॉयलेट पेपरच्या टंचाईवर विनोद केला आणि लोकांनी खरंच दुकानं रिकामी केली, नंतर त्यांना टीव्हीवरच खुलासा करावा लागला. तेव्हा मेसेज आला की आधी बघा कुणी म्हटलंय, कधी म्हटलंय, आणि फोटो आजचाच आहे का. रिकाम्या शेल्फचे जुने फोटो दरवेळी नव्याने फिरतात.

ऑनलाइनच्या चुका वेगळ्याच. ॲपवर "उपलब्ध" दिसतं ते दर क्षणाला अपडेट होतंच असं नाही, तुम्ही कार्टमध्ये टाकून गप्पा मारत बसलात तर पेमेंटपर्यंत ते उडालेलं असतं. कार्टमध्ये ठेवलं म्हणजे आपलं झालं असं बहुतेक ठिकाणी नसतं. आधी डिलिव्हरीच्या वेळेचा स्लॉट पकडा, मग कार्ट भरा, बऱ्याच ॲपमध्ये स्लॉट पक्का झाल्यावरही ठराविक वेळेपर्यंत वस्तू बदलता येतात. नवे स्लॉट किती वाजता उघडतात ते एक-दोन दिवस लक्ष ठेवलं की कळतं. नसल्यास दुसरा ब्रँड चालेल का असा पर्याय असतो, तो चालू ठेवा, नाहीतर वीस वस्तूंच्या ऑर्डरमधून सहा घरी येतात. आणि ज्या साइटचं नाव कधी ऐकलं नाही, जिथे सगळीकडे संपलेली वस्तू भरपूर आहे, वर स्वस्त आहे आणि पैसे आधीच द्यायचेत, तिथून लांब राहा. अव्वाच्या सव्वा भावाने विकणाऱ्यांकडूनही घेऊ नका. 2020 मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या दोन भावांनी सॅनिटायझरच्या 17,700 बाटल्या गोळा करून ठेवल्या होत्या चढ्या भावाने विकायला, वेबसाइटने विक्री बंद केली तेव्हा घरात नुसता ढीग, शेवटी दान करून टाकल्या.

एका बाबतीत मात्र जुगाड अजिबात नको, तान्ह्या बाळाची दूध पावडर. 2022 मध्ये अमेरिकेत तिची मोठी टंचाई झाली होती, एका मोठ्या कंपनीने माल परत मागवला आणि कारखाना बंद पडला म्हणून, आणि तेव्हा बालरोगतज्ज्ञांना परत परत सांगावं लागलं की पुरवून वापरण्यासाठी पाणी जास्त घालू नका आणि इंटरनेटवरच्या रेसिपी बघून घरी बनवू नका. पातळ केलेल्या दुधाने बाळाच्या शरीरातले क्षार बिघडतात, फिट येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. डॉक्टरांना विचारा, साध्या फॉर्म्युल्यात ब्रँड बदललेला बहुतेक बाळांना चालतो. विशेष फॉर्म्युला असेल तर मात्र न विचारता बदलू नका.

बाकी स्वयंपाकात जुगाड खुशाल करा. केकला अंडं नसेल तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तशाच तीन मोठ्या चमच्यांएवढ्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून ठेवा, चिकट झाली की वापरा. यीस्ट नसेल तर सोडा आणि लिंबू किंवा दही, नाहीतर पीठ-पाणी आंबवत ठेवा आठवडाभर, 2020 मध्ये यीस्ट गायब झालं तेव्हा अर्ध्या जगाने तेच केलं. न लागणारं मात्र उचलू नका, कुणी खाणार नाही असे डबे "मिळालं म्हणून" आणले की वर्षभर तोंड वेंगाडून बघत बसतात.

आणि शेवटची चूक घरी आल्यावरची. कणीक महिनोन् महिने नाही राहत, गव्हाच्या अंकुरात तेल असतं ते खवट होतं, मैदा त्यामानाने टिकतो. पांढरा तांदूळ कोरडा आणि हवाबंद ठेवला तर वर्षानुवर्षं राहतो, ब्राऊन राईसचं सहा महिन्यांत काम संपतं. मोठी गोणी आणलीत तर जमेल तेवढं पीठ पिशव्यांत बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किड्यांची अंडी मरतात, मग बाहेर काढून पिशवी न उघडता पूर्ण नॉर्मल होऊ द्या आणि नंतर डब्यात भरा, गार पीठ तसंच ओतलं तर पाणी सुटून गुठळ्या होतात. मी त्या दहा किलोच्या गोणीतलं माझ्या वाटणीचं पाच किलो तसंच डब्यात ओतलं होतं, दोन महिन्यांनी चाळायला घेतलं तर जाळी धरलेली. काकूंचं मात्र छान राहिलं होतं, त्यांनी डब्यांवर तारखा लिहून जुना पुढे आणि नवा मागे असं लावलं होतं, आणि उरलेलं माझ्याकडे पाठवलं.